प्रॉडक्शन / टूल डिझाइनसाठी मराठवाड्यात कॉलेज कुठलं घ्यावं? (भाचीसाठी विचारतोय)

सेलूचा मामा
नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

भाचीची यंदा बारावी झाली. सीईटीत नव्वदच्या जरा वर पर्सेंटाइल आहे. दाजींचं सेलूत लेथचं दुकान आहे. पाणबुडी मोटारीचे शाफ्ट, पेरणीयंत्राचे बुश, ट्रॅक्टरची किरकोळ कामं. पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून तिथंच बसायची. आठवीत असताना तिनं व्हर्नियर वाचायला शिकून घेतलं. दाजी अजून सुतात (इंचाचा आठवा भाग) बोलतात, "अर्धं सूत कमी कर" असं, आणि ही मागून सांगते, "म्हणजे दीड मिलिमीटर, बाबा."

नातेवाइकांचं एकच चाललंय, कॉम्प्युटर घे. हिचं म्हणणं, "मला वस्तू बनवायचीय. आणि हजार वेळा बनवली तरी तेवढीच्या तेवढीच आली पाहिजे." डाय, मोल्ड, टूल डिझाइन, म्हणजे वस्तू ज्यातून निघतात ते साचे आणि हत्यारं बनवणं, याकडं ओढा आहे.

डोक्यात आहेत ती ठिकाणं अशी: नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज, तिथं प्रॉडक्शन ही वेगळी शाखाच आहे. संभाजीनगरचं सरकारी इंजिनिअरिंग, मेकॅनिकलला. ते नाही लागलं तर तिथलंच एखादं खासगी. आणि तिथल्याच चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम, जिथं साचे बनवतात आणि शिकवतात. पुण्याला पाठवायची दाजींची तयारी नाही, राहण्या-खाण्याचा खर्च झेपत नाही. सेलू रेल्वेवर आहे, नांदेड आणि संभाजीनगर दोन्हीकडं थेट गाडी मिळते, एवढं एक बरं.

डिग्री घ्यावी की टूल रूमचा डिप्लोमा? प्रॉडक्शन घ्यावं की मेकॅनिकल? आणि कॉलेज चांगलं आहे हे माझ्यासारख्या बीकॉम माणसानं ओळखायचं कसं?

गोदाकाठ
मामा, एसजीजीएसचा प्रॉडक्शनवाला मीच. पण बाहेर पडून वीस वर्षं व्हायलीत, त्यामुळं आजचे सर कसे आहेत ते मला विचारू नका. शाखेचं तेवढं सांगतो.

पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच. दुसऱ्या वर्षापासून वाटा फुटतात. मेकॅनिकलवाल्याला इंजिन, फ्रिज-एसी, टर्बाइन, उष्णतेचे विषय भरपूर. प्रॉडक्शनवाल्याला ते तोंडी लावण्यापुरते, आणि त्या जागी धातू कापायचं शास्त्र, जिग-फिक्श्चर (जॉब पकडून ठेवायची साधनं), डाय, मेट्रॉलॉजी (मोजमापाचं शास्त्र), क्वालिटी, कारखान्याचं नियोजन. भाचीचं जे वाक्य तुम्ही लिहिलंय, हजार वेळा तेवढीच आली पाहिजे, त्यालाच प्रॉडक्शन इंजिनिअरिंग म्हणतात. आम्हाला ते समजायला तिसरं वर्ष उजाडलं होतं.

कॉलेज १९८१ चं, विष्णुपुरीला, गावापासून जरा लांब. सेलूहून सकाळी गाडीत बसलं की जेवायच्या आत नांदेड.

पण एक गैरसमज काढून टाका. इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन चालवायला हात बसतो असं काही नसतंय. वीस पोरांची बॅच, एका मशीनभोवती सगळे, एक जण चालवणार अन् बाकीचे वही भरणार. कुठल्याही कॉलेजात जा. हात बसतो तो सुट्टीत तुम्ही कुठं गेलात त्यावर.

पैठणगेट
प्रॉडक्शनपेक्षा मेकॅनिकल घ्या. कारण साधं आहे. उद्या सरकारी कंपनीची जाहिरात आली आणि त्यात नुसतं 'मेकॅनिकल' लिहिलेलं असलं, तर प्रॉडक्शनवाला तहसीलपासून दिल्लीपर्यंत समकक्षतेचा कागद शोधत फिरतो. माझ्या मावसभावानं हे केलेलं आहे. शाखेचं नाव जितकं रुंद तितकं बरं.

गोदाकाठ
@पैठणगेट, मुद्दा खरा आहे, पण अर्धा. पुष्कळ जाहिरातींत 'मेकॅनिकल / प्रॉडक्शन' असं दोन्ही लिहिलेलं असतंय. गेट परीक्षेला तर प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा पीआय हा स्वतंत्र पेपरच आहे, आणि पाहिजे तर प्रॉडक्शनवाला मेकॅनिकलचाही पेपर देऊ शकतो. जाहिरात वाचून फॉर्म भरायचा, एवढी सवय लागली की झालं. अन् पोरीला डाय बनवायचीय, तिच्यापुढं सरकारी जाहिरातीचं गाऱ्हाणं कशाला?

अवकाळी
कॉम्प्युटर घ्या. एसीत बसून काम. बाकी चर्चा चालू द्या.

मायक्रॉन
@अवकाळी, आमच्याही खोलीला एसी आहे. माणसांसाठी नाही, मोजायच्या यंत्रासाठी. पण त्याच्या नावानं आम्हीपण बसतो.

मामा, मी वाळूजला टूल रूममधे २२ वर्षं काढलीत. दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा केला. जरा सविस्तर लिहितो.

आधी 'प्रिसिजन' म्हणजे काय ते सांगतो, कारण कॉलेजांच्या माहितीपत्रकात हा शब्द चटणीसारखा वापरलेला असतो. एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पत्र्यातून वायसर कापायचाय. वर पंच, म्हणजे कापणारा ठोकळा, खाली डाय, म्हणजे त्याच आकाराचं भोक असलेला साचा. दोघांमधे फट ठेवावी लागते, एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या साधारण ५ टक्के, म्हणजे ०.०५ मिमी. फट जास्त झाली की वायसरला बर, म्हणजे काठाला धारदार कंगोरा, येते, हाताला टोचते. कमी झाली की पंच-डायची धार लवकर जाते. आता ही ०.०५ ची फट चारी बाजूंनी सारखी ठेवायची, तीही कडक केलेल्या डाय स्टीलमधे, ज्याच्यावर कानस नुसती घसरते. डाय-मेकरचं सगळं आयुष्य त्या फटीत जातं.

आमचे पहिले काही महिने नुसत्या कानशीत गेले. माइल्ड स्टीलचा एक ठोकळा हातात द्यायचे. सहा बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आणायच्या. थोडं घासायचं, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावायचा, ठोकळा खिडकीकडं धरायचा. पात्याखालून उजेड दिसला की परत वाइसमधे. नवख्या माणसाचा हात डोलतो. कानस पुढं जाताना पुढून झुकते, मागं येताना मागून, त्यामुळं कडा जास्त घासल्या जातात आणि ठोकळ्याला मधे पोट येतं. मग पोट उतरवायला जावं तर माप खाली जातं. मास्तर ठोकळा उचलून भंगाराच्या पेटीत टाकायचे आणि दुसरा द्यायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. माझे चार गेले.

हे सगळं आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, करतं, मग कानस कशाला, असं पोरं विचारतात. कारण पोट आलेलं डोळ्याला कळायला लागलं, की मशीननं काढलेला जॉबही, म्हणजे नगही, तुम्ही तसाच बघता. स्क्रीनवर हिरवा दिवा लागला म्हणून विश्वास ठेवत नाही.

आता डिग्री की डिप्लोमा. इंडो-जर्मन टूल रूम हे केंद्र सरकारचं, एमएसएमई खात्याचं, जर्मनीच्या तांत्रिक सहकार्यातून १९९० च्या सुमारास उभं राहिलेलं. कारखान्यांची खरी कामं तिथं येतात, म्हणून शिकणाऱ्या पोराच्या हातात खरा जॉब पडतो, बिघडला तर खरं नुकसान होतं. ही गोष्ट इंजिनिअरिंग कॉलेजात नाही. पण तो डिप्लोमा दहावीच्या पायावरचा. भाची बारावी झालेली, वरून सीईटी दिलेली. परत चार वर्षं डिप्लोमात घालवायची आणि नंतर डिग्रीसाठी थेट दुसऱ्या वर्षाला धडपडायचं, हे मला पटत नाही. तिथंच पदवीनंतरचा टूल डिझाइन आणि कॅड/कॅमचा कोर्स आहे. माझ्या मते आधी डिग्री आणि मग तो. उलटं नको.

सेलूचा मामा
@मायक्रॉन, तुमचा प्रतिसाद दाजींना वाचून दाखवला. पंच-डायचं ऐकून म्हणाले, "बरोबर हाय, पण मला पाच टक्के कोणी सांगितलं नव्हतं, मी नखानं बघतो." कॉलेज ओळखायचं कसं त्याबद्दल मात्र तुम्ही लिहिलं नाही.

मायक्रॉन
लिहितो. जेवण झालं की.

उदगीरी
वाचलालो. चांगलं चाललंय.

एक राहिलं की. प्लास्टिकच्या साच्यात जायचं असंल तर संभाजीनगरातच सिपेट ही प्लास्टिकची संस्था आहे, केंद्र सरकारच्या रसायन खात्याची. तिथं प्लास्टिक मोल्डचा डिप्लोमा आहे. पण तोही दहावीवरच. अन् नांदेड-उदगीरकडच्या लोकांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतंय हे कोणी ध्यानातच घेईना. बालानगरला सीआयटीडी आहे, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन, १९६८ पासूनचं. डिग्री झाल्यावर टूल डिझाइन शिकायला आमच्या भागातली पोरं तिकडंबी जातेत. नांदेडात शिकली तर हैदराबाद रात्रीच्या गाडीचं काम.

मायक्रॉन
@उदगीरी, सीआयटीडी आठवण करून दिलीत, बरं झालं. आमच्या डिझाइनला दोघं तिथले आहेत.

आता कॉलेज कसं बघायचं. मामा, प्रवेशाच्या दिवसांत स्वागत कक्षात जाऊन बसू नका. तिथं पेढा आणि फाइल मिळते. कॉलेज चालू असताना मधल्या वारी, दुपारी दोननंतर जा. प्रॅक्टिकल त्या वेळेला असतात. वर्कशॉप दाखवा म्हणावं. "आज नाही" म्हणाले तर तेच उत्तर समजा.

आत गेलात की मशीनच्या ब्रँडकडं बघू नका, खाली बघा. खाली कीस पडलाय का? ओला आहे का? व्हीएमसी, म्हणजे सीएनसी मिलिंग मशीन, त्याच्याजवळ उभं राहून वास घ्या. कूलंट, म्हणजे कापताना गार ठेवायला सोडतात ते पाणी, बरेच दिवस हललं नाही की कुजतं, नाल्यासारखा वास मारतं. चालू मशीनला असा वास येत नाही. बीकॉम माणसाला एवढं नाक पुरे.

मग मेट्रॉलॉजी लॅब. तिथं स्लिप गेजची लाकडी पेटी असते, स्टीलच्या आरशासारख्या छोट्या पट्ट्यांची. ती उघडायला सांगा. किल्ली कुणाकडं आहे हे शोधण्यात अर्धा तास गेला, तर काय ते समजा. उघडल्यावर गंज दिसला किंवा बोटांचे ठसे उमटलेले दिसले, तर त्या पट्ट्या मेल्या. चांगल्या असतील तर दोन पट्ट्या एकीवर एक आडव्या ठेवून दाबत फिरवल्या की चिकटतात. डिंक नाही, चुंबक नाही, नुसत्या सपाटपणानं. भाचीला करून बघू द्या. मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे तो माप बरोबर दाखवतो का ते तपासल्याचं, स्टिकर असतं, त्यावरची तारीख वाचा.

शेवटचं, लॅबमधल्या माणसाला विचारा की तुम्ही इथं किती वर्षं आहात. प्राध्यापकांना नाही, लॅब असिस्टंटला. तो जर पंधरा वर्षांचा जुना असेल आणि मशीनवर हात ठेवून बोलत असेल, तर पोरीनं तिथं जावं.

शेंद्रा पाळी
@मायक्रॉन यांच्या वरच्या प्रतिसादावर सही करते. माझा अनुभव त्याच्याच उलट बाजूचा.

मी एका खासगी कॉलेजातून मेकॅनिकल केलं, नाव लिहीत नाही, मराठवाड्यातलंच. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सीएमएमचा फोटो होता, म्हणजे तीन अक्षांवर मोजणारं यंत्र, ग्रॅनाइटचं टेबल असलेलं. बाबांनी तो फोटो बघून फी भरली. चार वर्षांत मी ते यंत्र दोनदा बघितलं, दोन्ही वेळा तपासणी समिती यायची होती म्हणून. एरवी त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण आणि खोलीला कुलूप. "पोरं प्रोब मोडतील" म्हणायचे. शेंद्र्याला नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सीएमएमवर बसवलं. शेजारची मुलगी आयटीआय झालेली, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तिनं मला प्रोब कसा धरायचा ते शिकवलं. मी इंजिनिअर, ती ऑपरेटर. तिला मी अजून ताई म्हणते.

आता मुलींच्या बाबतीत दोन कामाच्या गोष्टी. पहिली फीची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय फेऱ्यांतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. हे शेवटचं फार जणांना प्रवेश घेतल्यावर कळतं, कारण काल कॉलेज असलेली संस्था आज विद्यापीठ झालेली असते. होस्टेल, मेस यात येत नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जुलैत तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

दुसरी, शॉप फ्लोअरची. मुलगी म्हटलं की कॉलेजपासून कंपनीपर्यंत सगळे तिला क्वालिटीत नाहीतर डिझाइनच्या टेबलाला ढकलतात. "मशीनवर कशाला, कपडे खराब होतील." क्वालिटी मला आवडली, मी राहिले. पण ते मी निवडलं नव्हतं. भाचीला मशीन हवं असेल तर पहिल्या दिवसापासून मागत राहायला सांगा. न मागता ते मिळत नाही.

सेलूचा मामा
फीचं मला खरंच माहीत नव्हतं, ताई. यादीतल्या खासगी कॉलेजचं तपासलं. त्यातलं एक आता विद्यापीठ आहे. खोडलं.

अवकाळी
मला एक कळत नाही. मे महिन्यात परभणीत पारा ४३ ला जातो. लोखंड तापलं की वाढतं. मग इथं मायक्रॉन-बियक्रॉन मोजण्यात काय अर्थ? मजेत विचारतोय, पण उत्तर द्या.

मायक्रॉन
मजेत विचारलंत पण प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे.

जगभर ठरलेलं आहे की माप म्हणजे २० अंश सेल्सिअसला असलेलं माप. ड्रॉइंगवर १०० मिमी लिहिलं, म्हणजे २० अंशाला १०० मिमी. स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे १०० मिमीचा तुकडा २० वरून ४० अंशावर गेला की २३ मायक्रॉन वाढला. त्याच १०० मिमीच्या भोकाला एच७ची सूट (माप किती इकडंतिकडं चालेल ती मुभा) लिहिली असेल तर ती असते ३५ मायक्रॉन. दोन तृतीयांश सूट उन्हानंच खाल्ली.

दाजीनगर
मग आमच्याकडं पत्र्याच्या शेडमधे चालतं कसं? आम्ही बेअरिंगची घरं बोअर करतो, आजवर परत आलेली नाहीत.

मायक्रॉन
@दाजीनगर, कारण तुमचा मायक्रोमीटरही त्याच शेडमधे तापलेला असतो, तोही स्टीलचाच. दोघं बरोबरीनं वाढतात, फरक बराचसा वजा होतो. फसतं कधी? जॉब मशीनवरून गरमागरम उतरवला आणि थंड गेजनं लगेच मोजला तर. किंवा जॉब ॲल्युमिनियमचा असला तर, कारण ते स्टीलच्या दुप्पट वाढतं. तुम्ही चहा पिऊन मग मोजत असाल, बघा.

दाजीनगर
चहा पिऊनच मोजतो! वडिलांनी लावलेली सवय. कारण आज कळलं.

शेंद्रा पाळी
कॉलेजात जाल तेव्हा हेही बघा मामा, मेट्रॉलॉजी लॅबला एसी आहे का, आणि भिंतीवर थर्मामीटर आहे का. एसी असून थर्मामीटर नसेल तर तो एसी सरांसाठी आहे.

पैठणगेट
बिडकीनला टोयोटा येतेय. २०२४ ला सामंजस्य करार झालाय. लातूरला रेल्वे कोच कारखाना. पोरगी पास होईतो इथंच नोकऱ्या पडतील.

गोदाकाठ
करार म्हणजे नोकरी नव्हं भाऊ. १९८५ ला बजाज वाळूजला आली तेव्हा लोकांना वाटलं सगळे बजाजमधे लागणार. लागले थोडे. बाकीच्यांची पोटं भरली ती बजाजला सुटे भाग देणाऱ्या बारक्या-बारक्या शेडनं. डाय बनवणाऱ्याला मोठ्या पाटीकडं बघून चालत नसतंय, मागच्या गल्लीत बघावं लागतंय.

उदगीरी
हे बाकी लई खरं बोललाव.

सेलूचा मामा
तेरा दिवसांनी धागा वर काढतोय. जाऊन आलो. मी, भाची आणि एका ठिकाणी दाजीसुद्धा. ठिकाणांची नावं लिहीत नाही, एका दिवसाच्या भेटीवरून कुणाला बरं-वाईट म्हणणं बरोबर नाही.

पहिल्या ठिकाणी पेढा मिळाला. फाइल मिळाली. पॅकेजचे आकडे छापलेला भला मोठा फलक बघितला. वर्कशॉप म्हटल्यावर, "सर रजेवर आहेत." तुमचं वाक्य आठवलं, निघालो.

दुसऱ्या ठिकाणी वर्कशॉप चालू होतं. लेथखाली कीस होता, ओला होता. पण व्हीएमसीजवळ मी नाक नेलं आणि भाचीनं ओढणी लावली. वास येत होता. तिथल्या माणसानं स्वतःहून सांगितलं, "कंट्रोलचं कार्ड गेलंय, दोन महिने झाले, फाइल वर गेलीय." खोटं बोलला नाही. मग लॅबमधे नेलं. स्लिप गेजची किल्ली त्याच्या खिशातच होती. पेटी उघडली, पट्ट्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर. एक-एक पुसून त्यानं दोन भाचीच्या हातात दिल्या. तिनं आडव्या ठेवल्या, दाबल्या, फिरवल्या, वरची उचलली. खालची लोंबकळत वर आली. पोरगी काही बोलली नाही. परत सोडवल्या, परत चिकटवल्या. चार वेळा. त्या माणसानं घड्याळ बघितलं नाही. किती वर्षं आहात विचारलं तर म्हणाला, "तुमच्या पोरीच्या वयापेक्षा जास्त." एसी होता, थर्मामीटरही होता. २४ दाखवत होता.

तिसरं टूल रूम. तिथं आमच्याशी बोलायला कुणाला वेळ नव्हता, सगळे कामात. परवानगी काढून काचेपलीकडून बघितलं. वायरकट, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी तारेनं कापणारं मशीन, चालू होतं. पितळेची तार केसासारखी बारीक, पाण्यात ठिणग्या, आणि कडक स्टील लोण्यासारखं कापलं जात होतं. म्हणजे लोण्याइतकं भराभर नाही. भाची चाळीस मिनिटं उभी होती, तेवढ्यात ते दोन बोटंसुद्धा पुढं गेलं नसेल. दाजी बाहेर आल्यावर म्हणाले, "येवढा वेळ लागतो व्हय? मग मी दुकानात गिऱ्हाइकाला उगाच घाई करतो." एका कोपऱ्यात एक पोरगं ठोकळा घेऊन खिडकीकडं तोंड करून उभं होतं. ते बघून मला हसू आलं, त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

ठरलं ते असं. ऑप्शन फॉर्ममधे पहिलं प्रॉडक्शन, नांदेड. दुसरं सरकारी मेकॅनिकल, संभाजीनगर. पहिल्या पसंतीचं पहिल्याच फेरीत लागलं तर घ्यावंच लागतं हे तिला सांगितलं, ती म्हणाली म्हणूनच पहिलं लिहिलंय. डिग्रीनंतर टूल रूमचा किंवा हैदराबादचा कोर्स, ते तेव्हा बघू. दाजींचा चेहरा अजून थोडा कॉम्प्युटरकडं आहे, पण बोलत नाहीत.

पैठणगेट
मेकॅनिकल वर टाका, अजून वेळ आहे.

शेंद्रा पाळी
अभिनंदन मामा. फॉर्म भरल्यावर त्याची प्रिंट काढून ठेवा, आणि पासवर्ड कुठल्या कॅफेवाल्याला देऊ नका. दरवर्षी कुणाची तरी पसंती परस्पर बदललेली निघते.

मायक्रॉन
निवड चांगली. दुसऱ्या ठिकाणच्या त्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

आता कॉलेज सुरू व्हायला दीड-दोन महिने आहेत. दाजींचं दुकान आहेच. दहा इंची बास्टर्ड (जाड दात्यांची) कानस एक, आणि शेवटच्या हातासाठी स्मूथ एक आणा. ५० मिमीचा माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा कापून घ्या. सहा बाजू, काटकोन, खिडकी. मशीनला हात लावायचा नाही. कॉलेजात हे कुणी करून घेणार नाही.

अवकाळी
दोन महिने एकच ठोकळा? अहो एवढ्यात पोरं पायथॉन शिकतात.

मायक्रॉन
शिकू द्या की. पायथॉनला पोट येत नाही.

गोदाकाठ
मामा, नांदेड लागलं तर इथंच कळवा. होस्टेल, मेस, गावातून विष्णुपुरीला जायचं-यायचं, सगळं सांगतो. आमची एक वहिनी तिकडंच राहते, पहिला आठवडा पोरगी तिच्याकडं राहील.

सेलूचा मामा
@गोदाकाठ, नक्की कळवतो. वहिनींना आधीच धन्यवाद.

@मायक्रॉन, कानशी परवाच आणल्या. पहिला ठोकळा दाजींनीच भंगारात टाकला, न बोलता. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. दुसरा आज संध्याकाळी दुकानाच्या दारात उजेडाकडं धरला होता. मला काही दिसेना, सरळच वाटला. भाची म्हणाली, "मामा, पोट आलंय," आणि परत वाइसला लावला.